सुजलेला पाय आणि लघवीची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातलावणी सुरू झाली की खानापूर, जांबोटी, नंदगड पट्ट्यातून एकच पाय सुजलेले रुग्ण बेळगावच्या दवाखान्यांत दिसू लागतात. बहुतेकांच्या पिशवीत तीन वस्तू ठरलेल्या असतात: लघवीच्या गोळ्यांची पट्टी, मेडिकलमधून आणलेले क्रेप बँडेज आणि चोळायला कुठले तरी तेल. लसिका (लिम्फ) म्हणजे ऊतींत झिरपलेला आणि वेगळ्या वाहिन्यांतून रक्तात परत जाणारा द्रव; तो अडून आलेल्या सुजेवर या तिन्हींचा उपयोग होत नाही, आणि तेल गरम करून जोराने चोळले तर नुकसानच होते. असे का, हे लसिकावाहिन्यांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेल्या संशोधनातून आता नीट सांगता येते. आरोग्याच्या पानांवर मात्र अजून ‘पाय सुजला म्हणजे अंगात पाणी धरले’ एवढ्यावरच भागवले जाते, म्हणून हे पत्र.

रक्ताच्या केशवाहिन्यांतून पाणी, क्षार आणि थोडी प्रथिने सतत बाहेर झिरपत असतात. यातला नव्वद टक्के भाग केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा रक्तात ओढला जातो आणि उरलेला लसिकावाहिन्या नेतात, असे जुन्या पाठ्यपुस्तकांत शिकवत. हा हिशेब आता मोडीत निघाला आहे. बहुतेक ठिकाणी केशवाहिनी दुसऱ्या टोकालाही थोडी झिरपतच असते, आणि बाहेर आलेले जवळजवळ सगळे पाणी लसिकेच्या वाटेनेच परत जाते. दिवसाला सुमारे ८ लिटर लसिका वाटेतल्या लसिकेच्या गाठींपर्यंत (काखेत, जांघेत असतात त्या) पोहोचते. त्यातले निम्म्याच्या आसपास पाणी गाठींतच रक्तात उतरते आणि उरलेली साधारण ४ लिटर, मुख्यतः छातीतल्या मोठ्या नळीतून, गळ्याच्या डाव्या हाडामागे शिरेला मिळते. प्रथिनांना तर दुसरी वाटच नाही. ही वाट बिघडली की प्रथिने कातडीखाली साठतात, तिथे दाह सुरू होतो, आणि पुढे चरबी व तंतू वाढून पाय टणक होतो. लघवीची गोळी रक्तातले पाणी कमी करते. कातडीखालची प्रथिने जागच्या जागी राहतात. चार दिवस पाय हलका वाटतो, गोळी थांबली की सूज परत. वर उन्हात राबणाऱ्या माणसाचे सोडियम-पोटॅशियम घसरून चक्कर येते ते वेगळेच. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारामुळे दोन्ही पाय सुजले असतील तर तीच गोळी आवश्यक असते, तेव्हा हे वाचून कुणी आपल्या मनाने ती बंद करू नये.

आता या वाहिन्या तयार कशा होतात ते पाहू. १९०२ साली फ्लॉरेन्स सेबिन यांनी डुकराच्या गर्भात शाई टोचून दाखवले, की लसिकावाहिन्या शिरांतूनच फुटतात. काही वर्षांतच दुसऱ्या गटाने याला विरोध केला; त्यांच्या मते त्या आसपासच्या ऊतीत स्वतंत्रपणे तयार होतात. हा वाद बहुतांशी मिटायला नव्वदीचे दशक संपावे लागले. १९९९ साली ग्विलेर्मो ऑलिव्हर आणि त्यांचे सहकारी विगल यांनी प्रॉक्स-१ हे जनुक काढून टाकलेले उंदीर अभ्यासले. त्यांच्या गर्भात रक्तवाहिन्या ठीक होत्या, लसिकावाहिन्यांचे जाळे मात्र झालेच नाही. उंदराच्या गर्भात साडेनवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास मुख्य शिरेच्या एका बाजूच्या पेशींत प्रॉक्स-१ चालू होते, त्या पेशी शिरेतून बाहेर पडतात आणि व्हेज-एफ-सी या वाढघटकाच्या दिशेने सरकतात. तो ओळखणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर), व्हेज-एफ-आर-३, आणि स्वतः व्हेज-एफ-सी यांवरचे पायाभूत काम हेलसिंकीत कारी अलितालो यांच्या प्रयोगशाळेत झाले. पुढे एक गोष्ट अशी निघाली की प्रॉक्स-१ फक्त जन्मापूर्वीच लागते असे नाही. मोठ्या उंदरात ते बंद केले तरी लसिकापेशी रक्तवाहिनीच्या पेशींसारख्या वागू लागतात. आणि या जनुकाची एकच प्रत असलेले उंदीर मोठेपणी लठ्ठ होतात, कारण त्यांच्या लसिकावाहिन्या गळक्या असतात आणि गळणारी लसिका चरबी वाढवते. सुजलेल्या पायात चरबी का वाढते, याचा एक धागा इथे सापडतो.

जन्मजात सुजेची काही कोडी यामुळे सुटली. बाळाचे दोन्ही पाय जन्मापासून गुडघ्याखाली सुजलेले असतील, तर व्हेज-एफ-आर-३ च्या जनुकातला दोष आधी आठवायला हवा. वयात येताना पाय सुजू लागलेल्या मुला-मुलीच्या पापण्या भिंगाखाली जरूर पाहाव्यात: पापणीच्या आतल्या कडेला केसांची दुसरी ओळ दिसली तर फॉक्स-सी-२ या जनुकातला दोष असण्याची शक्यता मोठी. ही आतली ओळ बुबुळाला घासते, डोळे चुरचुरतात, आणि रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरकडे एक तक्रार व आपल्याकडे दुसरी घेऊन फिरत राहतो.

फॉक्स-सी-२ चे खरे काम लसिकावाहिनीतल्या झडपांचे. पायातून वर जाणाऱ्या मोठ्या लसिकावाहिन्यांना स्वतःचे स्नायू असतात. दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा मिनिटाला काही वेळा आपला आपण आकुंचन पावून लसिका पुढच्या तुकड्यात ढकलतो. झडप नीट मिटली नाही तर आकुंचन होते पण लसिका मागे येते. विहिरीवरच्या मोटारीचा फूट व्हॉल्व्ह गळू लागला की मोटार चालू असूनही पाइप भरत नाही, तसे. पंप आणि झडप ही जोडी लक्षात ठेवली की उपचाराचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आकुंचनासाठी या स्नायूंना पेशीत कॅल्शियम येण्याच्या वाटा लागतात. रक्तदाबावरचे अम्लोडिपिन याच प्रकारच्या वाटा बंद करते. त्याने पायांवर येणारी सूज मुख्यतः बारीक धमन्या सैल पडून झिरपणे वाढल्यामुळे असते, पण कारण काही असले तरी तीही लघवीच्या गोळीने हटत नाही. अम्लोडिपिन सुरू झाल्यावर घोटे सुजू लागले असतील तर ते डॉक्टरांना सांगावे आणि गोळी किंवा तिची मात्रा बदलून घ्यावी. एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी गोळी जोडली गेल्याची चिठ्ठी जरा जास्तच वेळा पाहायला मिळते.

पंप मंदावण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण म्हणजे धावरे, म्हणजे कातडीतला जंतुसंसर्ग. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांतून जंतू शिरतात, थंडी भरून ताप येतो, जांघेत अवधाण येते, पाय लाल आणि तापलेला होतो. २०११ साली उंदरांत दाखवून दिले गेले, की दाहामुळे जमलेल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि लसिकावाहिनीचे आकुंचन त्यामुळे मंदावते. २०१८ सालच्या प्रयोगांत औषधाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंचा संसर्ग बरा होऊन बराच काळ लोटल्यावरही वाहिन्यांचे आकुंचन कमीच राहिले. म्हणजे प्रत्येक धावरे पुढच्या धावऱ्याला वाट करून देते. म्हणून या आजारात चिखल्यांचा उपचार हाच मुख्य उपचार म्हणावा लागेल.

लावणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पाय साध्या साबणाने आणि गार किंवा कोमट पाण्याने धुवावेत. कढत पाणी नको. घासणी, दगड, वीट काही नको. हाताने, वळ्यांच्या आत बोट घालून हळूच धुवावे. मग खरे काम सुरू होते, आणि तिथेच सगळे गडबड करतात: पाय कोरडा करणे. जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या बोटभर रुंद पट्ट्या करून प्रत्येक बोटामधून एकेक पट्टी, न घासता, टिपत न्यावी. पट्टी ओली आली की दुसरी घ्यावी. सूज जास्त असेल तर बोटे एकमेकांना चिकटलेली असतात आणि चिखल्या वरून दिसतच नाहीत; घरच्या कुणाला तरी बोट बाजूला करून पाहावे लागते. कातडी पांढरी, भिजलेली दिसली तर बुरशीवरचे मलम (क्लोट्रिमॅझोल चालते) दोन वेळा, आणि दिसणे थांबल्यावरही दोन आठवडे. बाकीच्या पायाला साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल, पण बोटांच्या मध्ये नाही. बिब्बा, चुना, रुईचा चीक लावायचा नाही. त्या भाजण्यातून जंतू शिरतात. शेक घेतला की धमन्या सैल होऊन झिरपणे वाढते, आणि जोराने रगडले की तेच. अथणीची करकरीत कोल्हापुरी चप्पल सुजलेल्या पायावर कानाशी आणि अंगठ्याशी घासते. मऊ तळव्याची, पट्टा सैल-घट्ट करता येणारी सँडल बरी, आणि चिखलात उतरायचे असेल तर गमबूट. फक्त आत पाणी राहिले तर गमबूट चिखल्यांना चांगलेच पोसतो.

धावरे आलेच तर पाय उशीवर, गार पाण्याच्या पट्ट्या, विश्रांती आणि त्याच दिवशी डॉक्टर. त्या दिवसांत बँडेज, मालिश, व्यायाम सगळे बंद. प्रतिजैविक सुरू झाल्यावर दोन दिवसांत ताप उतरतो म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडणारे बरेच, आणि पुढच्या महिन्यात परत येणारेही तेच. पोटरी अचानक दुखून कडक झाली आणि एकच पाय एका दिवसात सुजला तर ते शिरेतल्या रक्ताच्या गाठीचे लक्षण असू शकते. तिथे वाट पाहायची नाही आणि चोळायचे तर मुळीच नाही.

सूज लसिकेची आहे का, याची एक खूण घरी पाहता येते. बायका जोडवी घालतात त्या, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत उचलून पाहावी. निरोगी पायात घडी उचलली जाते. लसिकेच्या सुजेत ती जाड झालेली असते आणि चिमटीत येत नाही. उचलली जात नसेल तर सूज लसिकेची धरायला हरकत नाही. उचलली गेली म्हणून मात्र लसिकेची नाही असे म्हणता येत नाही, कारण सुरुवातीला ही खूण फसवते.

मोजमाप तर टेपने होते आणि ते कुणीही शिकू शकते. घोट्यापासून वर दर ४ सेंटिमीटरला पेनाने खूण करून तिथला घेर लिहायचा, टेप कातडीत रुतवायची नाही, आणि दर वेळी दिवसाच्या त्याच वेळी मोजायचे. दोन शेजारच्या घेरांवरून त्या तुकड्याचे आकारमान निघते: दोन्ही घेरांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार यांची बेरीज, गुणिले ४, भागिले ३७.७. समजा घेर २४ आणि २६ आले, तर ५७६ अधिक ६७६ अधिक ६२४, म्हणजे १८७६. गुणिले ४, भागिले ३७.७, सुमारे १९९ मिलिलिटर. असे सगळे तुकडे मिळवून दुसऱ्या पायाशी ताडायचे. फरक दहा टक्क्यांवर गेला तर उपचार हवा. नुसते डोळ्यांनी पाहून ‘जरा कमी दिसतंय’ म्हणण्याला अर्थ नाही.

उपचाराचा कणा म्हणजे दाब, आणि क्रेपचा घोटाळा इथेच आहे. क्रेप खूप ताणते. पाय हलला की तीही ताणली जाते, त्यामुळे पोटरीच्या स्नायूंना ढकलायला भिंत मिळत नाही. आणि निजल्यावर मात्र ती आवळत राहते. लागते ते कमी ताणाचे, म्हणजे शॉर्ट स्ट्रेच बँडेज: चालताना दाब जास्त, पडल्यावर कमी. बांधण्याची रीत अशी. आधी पायावर सुती नळीचा मोजा. मग ४ ते ६ सेंटिमीटर रुंद जाळीच्या पट्टीने बोटे, करंगळी बहुधा सोडून. त्यावर कापसाचे रोल, आणि घोट्यामागच्या दोन्ही खळग्यांत फोमचे तुकडे, म्हणजे पाय बाटलीसारखा गोल होईल. मग पावलावर ८, पोटरीवर १० सेंटिमीटरची पट्टी, घोटा काटकोनात ठेवून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर येईल असा. ताण सगळीकडे सारखा ठेवायचा; घोटा बारीक असल्यामुळे तिथे दाब आपोआप जास्त येतो आणि वर कमी होत जातो. शिकाऊ माणूस वर जास्त ओढतो, किंवा खाली कापूस कमी घालतो. पट्टी घसरून घोट्याशी दोरीसारखी जमते आणि सूज त्याखाली वाढते. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या, दुखू लागले तर लगेच सोडायची. बांधून झाल्यावर चालायचे, कारण दाबाखालच्या स्नायूंच्या हालचालीशिवाय बँडेज म्हणजे नुसते कापड. निपाणीकडच्या विडी कामगार बाया दिवसभर मांडी घालून बसतात, शहापूर-वडगावचे विणकर तासन्‌तास मागावर. दोघांनीही अर्ध्या तासाला उठून टाचा वर-खाली केल्या तरी पंपाला हातभार लागतो.

दोन ते चार आठवडे रोज बांधल्यावर पाय उतरतो आणि तेव्हाच बँडेजऐवजी रोज घालायच्या दाबाच्या मोज्याचे माप घ्यायचे. सुजलेल्या पायाच्या मापाचा मोजा आठवड्यात ढिला होतो. दोन जोड घ्यावेत, धुऊन सावलीत वाळवावेत आणि चार-सहा महिन्यांनी बदलावेत. नवा दिसतो म्हणून वर्षभर घातलेला मोजा दाब देत नसतो. मधुमेही, विडी ओढणारे आणि चालताना पोटरी भरून येणारे यांनी आधी पायाच्या धमन्या तपासून घ्याव्यात, कारण धमनीचा रक्तपुरवठा कमी असताना घट्ट दाब दिला तर जखम होऊ शकते. हृदयाचा आजार आटोक्यात नसेल तरी बँडेज नको. दाब का महत्त्वाचा, ते २०२० सालच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत दिसले. वारंवार धावरे येणाऱ्या ८४ जणांपैकी दाबाचा उपचार घेतलेल्यांत १५ टक्क्यांना पुन्हा धावरे आले, न घेतलेल्यांत ४० टक्क्यांना. हा फरक पाहून चाचणी मुदतीआधीच थांबवली.

मिरज, कोल्हापूर किंवा बेळगावात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांनाही हेच लागू. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचांतल्या एकीचा हात पुढे कधीतरी सुजतो. फक्त पहारेकरी गाठ (स्तनातली लसिका जिथे सर्वांत आधी पोहोचते ती) काढून तपासली तर हे प्रमाण पुष्कळ कमी असते. शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांचे माप घेऊन फाइलला लावायला हवे, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी राहील. त्या हाताने घागर उचलू नको, पीठ मळू नको, हा सल्ला सरसकट देणे चुकीचे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हात सुजलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांनी दाबाची बाही घालून, हळूहळू वाढवत वजने उचलली. सूज वाढली नाही, आणि ती भडकण्याचे प्रसंग उलट कमी झाले. एकदम वीस किलोची गोणी उचलणे वेगळे, हे सांगायला नकोच.

हत्तीरोगाबद्दल थोडेच. शेजारच्या विजयपूर, बागलकोट आणि कारवारच्या बाजूला तो ठाऊक आहे, पलीकडे सोलापुरातही; आणि ऊसतोडीला माणसे जिल्हे ओलांडून येतात. जंत वाहिनी बुजवतो ही जुनी कल्पना. जिवंत प्रौढ जंताच्या वास्तव्याने वाहिनी फुगून सैल पडते आणि झडपा मिटेनाशा होतात. त्याची पिल्ले रात्री रक्तात येतात म्हणून रक्त रात्री १० ते २ च्या दरम्यान घ्यावे लागते. जंताचे प्रतिजन (त्याच्या अंगातून रक्तात येणारा अंश) तपासणारी पट्टी मात्र दिवसाही चालते. सामूहिक औषधवाटपातल्या गोळ्या रक्तातली पिल्ले मारून साथ थांबवतात. आधीच जाड झालेला पाय त्यांनी उतरत नाही, त्याला वर लिहिलेले धुणे-बांधणेच लागते.

शेवटी बातम्यांबद्दल. ‘लसिकावाहिन्या पुन्हा उगवणार’ असे मथळे अधूनमधून येतात. व्हेज-एफ-सी चे जनुक विषाणूतून देऊन, सोबत गाठींचे रोपण करून, हात सुजलेल्या रुग्णांवर युरोपात चाचणी झाली. २०२१ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे निकाल आले तेव्हा त्या जनुकाचा वेगळा फायदा सिद्ध झाला नव्हता. कातडीतल्या बारीक लसिकावाहिन्यांना फुटवे आणणे तुलनेने सोपे. स्नायू आणि मिटणाऱ्या झडपा असलेली मोठी वाहिनी तयार करणे अजून कुणाला जमलेले नाही. मिलिमीटरहून बारीक लसिकावाहिनी भिंगाखाली शिरेला जोडण्याची शस्त्रक्रिया आहे आणि योग्य रुग्णाला ती उपयोगीही पडते, पण पाय टणक होण्यापूर्वी केली तर. आणि तिच्यानंतरही दाबाचा मोजा बहुतेकांना लागतोच.

आपल्या दैनिकाकडे मागणे दोन. आरोग्य पुरवणीत या सुजेवर लेख छापताना लघवीच्या गोळीचा सल्ला एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून घालवावा. आणि शॉर्ट स्ट्रेच बँडेज तालुक्याच्या गावी मेडिकलमध्ये मिळत नाही, सरकारी दवाखान्यांच्या साठ्यातही सहसा नसते, ही बातमी आपल्या वार्ताहरांनी खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी येथे चौकशी करून करावी. दुकानदार ‘हे घ्या, सारखंच आहे’ म्हणून क्रेप पुढे करतो. पट्टी ओढून पाहा: दुपटीहून जास्त लांबली तर ती परत द्या.

कळावे,
लसिकेच्या सुजेच्या रुग्णांबरोबर काम करणारे काही डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट,
बेळगाव, खानापूर, निपाणी